तुम्ही विचारलंत म्हणून: गाण्यानं वैर मिटतं का?

'गाण्यानं माणसं जवळ येतात ना हो?' मी संगीतोपचार करते, तेही एकमेकांची घरं जाळलेल्या लोकांसोबत, हे कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच तयार असतं, मी फक्त 'हो' म्हणायचं. वर्षानुवर्षं म्हटलंही. आता जीभ रेटत नाही.

येतात हो, जवळ येतात. सैन्यं काय उगीच ठेक्यावर चालतात? पावलं एका तालात पडली की 'आपण' तयार होतो, आणि त्या 'आपण'च्या बाहेर कोण राहिलं याची तालाला फिकीर नसते. रवांडात 1994 साली, वंशसंहाराच्या दिवसांत, रेडिओवर द्वेषाच्या बोलण्याच्या अधूनमधून लोकांच्या आवडीची गाणी लागत. त्यातली काही तिथल्या लोकप्रिय गायक सायमन बिकिंदीची. गाण्यांनी द्वेषाला खतपाणी घातलं हे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं मानलं. तरी 2008 मध्ये त्याला 15 वर्षांची शिक्षा झाली ती गाण्यांसाठी नव्हे, भोंग्यावरून दिलेल्या चिथावणीसाठी. कायद्यालाही गाणं नेमकं कुठे धरावं ते सापडत नाही, आणि तुम्ही मला एका वाक्यात उत्तर मागता.

'पण तो इस्रायली आणि अरब वादकांचा वाद्यवृंद?' हो, 1999 मध्ये संगीत-संचालक डॅनिएल बारेनबॉइम आणि पॅलेस्टिनी वंशाचे विचारवंत एडवर्ड सैद यांनी उभा केलेला. हा शांततेचा प्रकल्प नाही, असं खुद्द बारेनबॉइमच सांगत आले. शिवाय ते वादक आहेत, त्यांच्यासमोर स्वरलिपी असते. माझ्याकडे येणाऱ्यांना वाजवता येत नाही. पुष्कळांना झोपही येत नाही.

आता ते सांगते, जे मी व्याख्यानांत गाळत आले.

दोन्ही बाजूंची मिळून अकरा माणसं होती. चौथी बैठक. शब्द आले की बाजू येतात, म्हणून शब्दच नकोत, असं मी ठरवलं होतं. दोन्हीकडच्या घरांत गुणगुणली जाणारी एक अंगाईची चाल मी शोधून काढली होती, आणि त्या शोधाचा मला फार अभिमान होता. डफावर हलका ठेका धरला, ओठ मिटून चाल सुरू केली. एकेक जण सामील होत गेला. एका पोरानं तर डोळे मिटले. मनात आलं, जमलं!

समोरच्या वयस्क बाई उठल्या. कानांवर हात नाही, रडणं नाही. खुर्ची नीट मागे सरकवली आणि म्हणाल्या, "त्या रात्री भोंग्यावर हीच लावली होती. आतलं ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून. उजाडेपर्यंत."

माझा हात थांबला नाही. हे मला अजून सोसत नाही. आणखी चार-पाच ठोके पडले, सवयीनं. मग मी जे बोलले ते याहून वाईट: "पण चालीचा काय दोष?"

"मला विचारलं होतंत का, बाई?" एवढंच म्हणून त्या गेल्या. परत आल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला काय ठाऊक असणार. मीही तेच म्हणत होते, सहकाऱ्यांना, स्वतःला. पण माझ्या कामाचा पहिला पाठच हा आहे की समोरच्याच्या आजच्या मनःस्थितीशी मिळतं संगीत घ्यायचं आणि मग हळूहळू सरकायचं. एका माणसाबरोबर हे जमतं, त्याच्या श्वासावर ठेका धरता येतो. वैऱ्यांनी भरलेल्या खोलीत कुणाच्या श्वासावर धरायचा? मी सगळ्यांत सोयीचा धरला: माझा. सूर जोडतात, असं टाळ्या घेत सांगणारी ती तरुण बाई आज भेटली तर तिच्याशी भांडेन. ती म्हणेल, मग सोडलं का नाहीस? तिथे मी अडते. कारण जे लोक एका खोलीत बसायलाही तयार नव्हते ते बसले, हेही मी पाहिलंय. घरी जाऊन ते काय करतात, ते मला दिसत नाही.

आता मी आधी एकेकट्याला विचारते: कोणती चाल नको? यादी करते. कधीकधी यादी इतकी लांबते की वाजवायला फक्त डफ उरतो, आणि काहींना डफही नको असतो.

तो डोळे मिटलेला पोरगा त्या दिवशी मागे थांबला होता. आई त्याला तीच चाल म्हणून झोपवायची, आणि आता आई नाही. "आता मी ती म्हणायची नाही का?" त्यानं विचारलं. मी डफ पिशवीत घालत राहिले. चेन अडकली होती, बराच वेळ अडकली होती. तोही उभाच होता.