तुम्ही विचारलंत म्हणून: नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालावं का?

"अमेरिकेत दातांसाठी पाण्यात फ्लोराइड घालतात, मग आपल्या नळयोजनेत का नाही?" असं एक जण विचारतो. दुसऱ्याचा प्रश्न नेमका उलटा असतो: "ते विष आहे म्हणे, खरं का?" दोघांनाही माझा उलट प्रश्न एकच. तुमच्या पाण्यात आत्ता किती आहे?

फ्लोराइड कुणी न घालताही पाण्यात असतं, ते दगडातून येतं. भारतीय मानक (आयएस 10500) लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. आपल्या देशात प्रश्न फ्लोराइड घालण्याचा नाहीच, काढण्याचा आहे. चंद्रपूर-यवतमाळकडे काही गावांत पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात ते जास्तीच्या फ्लोराइडमुळे. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत बसवली ती अशा पाण्यासाठीच.

कोकणात चित्र वेगळं. जांभ्यातल्या उथळ विहिरीचं पाणी म्हणजे बहुतेक पावसाचंच. ते दगडाशी फार काळ राहत नाही, म्हणून त्यात फ्लोराइड सहसा कमी. पण त्याच वाडीत तीनशे फुटांवर मारलेल्या बोअरचं पाणी काळ्या दगडाच्या फटींत वर्षानुवर्षं मुरलेलं असू शकतं. शिवाय ते मऊ असेल, म्हणजे त्यात चुना कमी असेल, तर विरघळलेलं फ्लोराइड खाली न बसता पाण्यातच राहतं. तापलेलं पाणीही दगडातून जास्त ओढून घेतं. उन्हवरे-तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडांत आंघोळ खुशाल करा, पण तसलं पाणी तपासल्याशिवाय रोज पिऊ नका. थोडक्यात, विहिरीच्या रिपोर्टवरून शेजारच्या बोअरचा अंदाज बांधता येत नाही.

समजा, 0.2 निघालं आणि गावानं घालायचं ठरवलं. अमेरिकेत 2015 पासून शिफारस 0.7 ची आहे. 1 लाख लिटरच्या टाकीत तूट 0.5, म्हणजे 50 ग्रॅम फ्लोराइड. सोडियम फ्लोराइडच्या पावडरीत ते 45 टक्के असतं, म्हणून पावडर साधारण 110 ग्रॅम. एवढीशी पुडी लाख लिटरमध्ये सारखी मिसळायला हवी. त्यासाठी आधी पावडरीचं संपृक्त द्रावण करतात; ते सुमारे 4 टक्क्यांचं होतं. मग छोट्या पंपानं ते वाहत्या पाण्यात सोडतात. वर सांगितलेल्या लाख लिटरच्या टाकीला असं सुमारे पावणेतीन लिटर द्रावण पुरतं.

गडबड होते ती या छोट्या पंपापाशी. लाइट गेली, मोठी मोटर थांबली आणि हा पंप दुसऱ्या जोडणीवर चालूच राहिला, तर पाइपात नुसतं द्रावण साचतं. अलास्कातल्या हूपर बे गावात 1992 मध्ये यंत्रणा बिघडून फ्लोराइड लिटरमागे 150 मिलिग्रॅमपर्यंत गेलं. एकाचा जीव गेला, शेकडो आजारी पडले. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जास्त पडलं तर निदान नाक सांगतं, क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला पिवळा रंग गडद येतो. फ्लोराइडला ना वास, ना रंग. जलसुरक्षकाला (गावाचं पाणी सांभाळणाऱ्याला) टीसीएलचा डोस रोज सांभाळताना किती नाकी नऊ येतात ते पाहता, त्याच्या हातात हे दुसरं औषध द्यायला माझं मन धजत नाही. आणि दिलं तरी नळयोजनेच्या माणशी रोजच्या 55 लिटरमधलं पोटात जाणार दोन-तीन लिटर; बाकी भांड्यांना, आंघोळीला आणि परसातल्या अळवाला.

फायदा होतो का? होतो, पण पूर्वीइतका नाही. 1945 मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सनं सुरुवात केली तेव्हा फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघरी नव्हती. ती आल्यापासून पाण्याचा वेगळा फायदा बराच कमी झाल्याचं कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2024 च्या आढाव्यात दिसतं. तरी कॅनडातल्या कॅल्गरी शहरानं 2011 मध्ये घालणं थांबवलं, पोरांचे दात जास्त किडू लागले आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू केलं. बुद्धीवर परिणामाची जी चर्चा चालते, तिच्यातला 2024 चा अमेरिकी सरकारी अहवाल 1.5 च्या वरच्या पाण्याबद्दल बोलतो, 0.7 बद्दल ठरवण्याइतका पुरावा नाही असंही त्यातच आहे. 'विष' म्हणणारे हा आकडा गाळतात.

फ्लोराइडचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावरच चालतं, तेव्हा ते ब्रशवरून पोचलेलं बरं. 1000 पीपीएमच्या 1 ग्रॅम पेस्टमध्ये 1 मिलिग्रॅम असतं. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात, ती गिळली की डागांची सोय झाली. थुंकायला लावा, पण नंतर तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा नकोत, सगळं धुऊन जातं. मशेरी लावणाऱ्या आजींनी तिला दातांचं औषध समजू नये; तो भाजलेला तंबाखू आहे.

पाणी तपासायचं तर एप्रिल-मेमध्ये, पातळी खाली गेल्यावर. बोअर दहा मिनिटं चालू ठेवा, मग त्याच पाण्यानं प्लास्टिकची लिटरभराची बाटली तीनदा विसळून भरा. काचेची नको, फ्लोराइडचा काचेशी संयोग होऊ शकतो. नमुना टीसीएल घालण्याआधीचा घ्या. ग्रामपंचायतीच्या किटमधला रंग क्लोरीननं उडतो आणि फ्लोराइड आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. तुरटी फिरवलेलं पाणीही चालणार नाही, त्यात आकडा खोटा कमी येतो. किटवर 1 च्या आसपास दिसलं तर सरकारी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पक्कं करून घ्या.

जास्त निघालं तर उकळू नका. उकळल्यानं पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं. कँडलचा फिल्टर आणि यूव्हीही त्याला हात लावत नाहीत. आरओ काढतो, अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना (फ्लोराइड धरून ठेवणारे दाणे) भरलेला फिल्टरही काढतो. त्याआधी एवढं बघा, जवळची जुनी विहीर उपसून पिण्यापुरती वापरता येते का.