आराखड्यात नसलेला कपॅसिटर

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत ब्लोअरच्या मोटरला आम्ही नवा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, बसवला. दुसऱ्याच दिवशी गेटवरच्या वॉचमनमामांनी तक्रार केली, की ब्लोअर सुरू झाला की रेडिओवर धारवाड केंद्राऐवजी नुसती घरघर ऐकू येते. ड्राइव्हची स्विचिंग वारंवारता, म्हणजे तो व्होल्टेज चालू-बंद करतो तो वेग, 15 किलोहर्ट्झ होती. धारवाड केंद्र मध्यमलहरींवर 765 किलोहर्ट्झला लागते, आणि 15 ला 51 ने गुणले की नेमके 765 येतात.

एक्कावन्नावा हार्मोनिक, म्हणजे स्विचिंगच्या एक्कावन्नपट वारंवारतेचा घटक, इतका जोरकस कसा, हे पाहण्यासाठी मी घरी संगणकावर मॉडेल मांडले. सर्किट डायग्राममधले भाग जसेच्या तसे घेतले, तेव्हा उपद्रव जवळजवळ दिसलाच नाही, कारण त्याची वाट डायग्राममध्ये काढलेलीच नसते. आयजीबीटी (ड्राइव्हमधला चालू-बंद करणारा स्विच) आणि त्याची उष्णता काढून घेणारा, अर्थ केलेला धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये पातळ विद्युतरोधक थर असतो. म्हणजे पैसे न मोजता मिळालेला कपॅसिटरच. तो 200 पिकोफॅरड धरला आणि स्विच होताना व्होल्टेजचा 590 व्होल्टचा चढ 100 नॅनोसेकंदांत झाला, तर दर चढाला अर्थिंगमध्ये सुमारे 1.2 अँपिअरचा झटका जातो. केबल आणि मोटरच्या वाइंडिंगचा वाटा आणखी वेगळा.

व्होल्टेजचे हार्मोनिक वारंवारतेनुसार घटतात, पण त्याच प्रमाणात कपॅसिटरमधली वाट सोपी होत जाते. म्हणून अर्थमधल्या प्रवाहाचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती प्रवाह, याचा आलेख) 3.2 मेगाहर्ट्झपर्यंत साधारण सपाट राहतो. ‘स्विचिंगचा चढ हळू करा’ हा आमच्याकडचा ठरलेला सल्ला म्हणूनच इथे फुकट जातो: चढाचा वेळ दुप्पट केला तरी ती सीमा 1.6 मेगाहर्ट्झवर येते, 765 किलोहर्ट्झ तिच्या आतच राहतात आणि आयजीबीटी मात्र जास्त तापतो. उलट स्विचिंग वारंवारता 4 किलोहर्ट्झवर आणली, तर ही सपाट पातळी साडेअकरा डेसिबलने उतरते. मोटर मग किणकिणते. पण फाउंड्रीच्या गोंगाटात ते कोणाला ऐकू येणार?

आम्ही तेच केले. शिवाय केबलच्या शील्डची (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाची) शेपटी पिळून अर्थच्या बोल्टखाली दाबली होती, ती काढून शील्ड पॅनेलच्या पत्र्याला चहूबाजूंनी क्लॅम्प केले, म्हणजे परतीचा प्रवाह इमारतभर न फिरता शील्डमधूनच ड्राइव्हकडे येतो. मामांचे धारवाड आता लागते. माझे केबलचे मॉडेल मात्र अजून जुळलेले नाही: 20 मीटर केबल पार करायला लाटेला 100 नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे चढाइतकाच, त्यामुळे सगळी केबल एकाच कपॅसिटरने दाखवून चालत नाही, तिचे तुकडे पाडून पुन्हा मांडणी करावी लागणार आहे.