शोभेच्या कांद्याला बहर

शरद ऋतूत कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावलेल्या ॲलियमच्या, म्हणजे शोभेच्या कांद्याच्या, उंच दांड्यांवर आज जांभळे गोल पूर्ण उमलले आणि जवळून पाहिले तेव्हा ध्यानात आले की असा प्रत्येक गोल म्हणजे एकाच बिंदूतून निघालेल्या देठांवरची, सहा-सहा पाकळ्यांची असंख्य चिमुकली फुले आहेत. मधमाश्यांची त्यांवर दिवसभर वर्दळ होती. बहराच्या सुमारासच खालची पाने पिवळी पडू लागतात; ती दिसायला वाईट असली तरी कापू नयेत, कारण पुढच्या हंगामाचे अन्न तीच कंदात साठवतात. त्यांच्यापुढे बुटकी झुडपे लावणे मला अधिक पसंत आहे. (पान चुरगळले की वास मात्र अस्सल कांद्याचा!) पाणी साचले तर कंद कुजतो, म्हणून पाने वाळल्यावर ती जागा कोरडीच ठेवणार आहे.