चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना: माझा अनुभव

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. वर्गात 36 मुले आहेत. अपूर्णांकांचा पाठ संपल्यावर ‘समजले का?’ असे विचारले की दरवर्षी ठरावीक सात-आठ हात वर जात आणि त्या हातांवर विसंबून मी पुढच्या घटकाकडे वळत असे. चाचणीत मात्र निम्मी मुले चुकत. न वर गेलेल्या हातांच्या मनात नेमके काय चालले आहे, हे पाठ चालू असतानाच कळावे म्हणून गेल्या वर्षी मी ऑनलाइन साधनांकडे वळले.

पहिला प्रयत्न फसला. लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण देणारा प्रश्नमंजुषेचा एक खेळ मी निवडला होता. शाळेत टॅब मोजकेच असल्याने सहा-सहा मुलांचे गट केले, पण टॅब ज्याच्या हाती तोच उत्तर देई आणि घड्याळाच्या धाकाने तोही प्रश्न पुरता न वाचता बोट टेकवी. दोन आठवड्यांत मी तो खेळ थांबवला.

त्यानंतर प्लिकर्सची कार्डे वापरली. यात मुलांना टॅब लागत नाही. प्रत्येकाचे चौकोनी कार्ड वेगळे असते, ते ज्या बाजूने उभे धरावे त्यावर ए, बी, सी किंवा डी हे उत्तर ठरते आणि शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरे नोंदली जातात. अक्षरे बारीक छापलेली असल्याने शेजाऱ्याचे उत्तर पाहणे अवघड जाते. कार्डे टिकावीत म्हणून मी त्यांना चकचकीत लॅमिनेशन करून घेतले, तर खिडकीच्या उजेडात कॅमेऱ्याला ती वाचताच येईनात. मग जाड कागदावर नव्याने छापून घेतली.

‘एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांत मोठा कोणता?’ हा प्रश्न विचारला, तेव्हा 23 मुलांनी एक चतुर्थांश निवडला. त्यांत नेहमी हात वर करणारीही दोन मुले होती. कारण विचारल्यावर उत्तर आले, “बाई, तीनपेक्षा चार मोठे ना!” इतक्या वर्षांत ही समजूत मला इतकी उघडी कधी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कागदी वर्तुळांच्या घड्या घालून सुरुवात केली. घरी चतकोर भाकरी खाणाऱ्या मुलांनी ‘चतकोर’ हा शब्द अपूर्णांकाशी कधी जोडलेलाच नव्हता. मग प्रोजेक्टरवर फेट (PhET) या प्रकल्पाचे अपूर्णांकांचे सिम्युलेशन, म्हणजे संख्या बदलली की पडद्यावरचे चित्रही बदलते असे संगणकीय साधन, लावले. कार्ल वाइमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने 2002 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्याची सिम्युलेशन्स विनामूल्य आहेत आणि उतरवून ठेवली तर इंटरनेटशिवायही चालतात. शाळेतले इंटरनेट ऐन तासाला बंद पडत असल्याने मी ती घरूनच लॅपटॉपवर घेऊन जात असे.

मात्र एक नियम मी कटाक्षाने पाळला. छेद बदलण्याआधी प्रत्येकाने वहीत आपला अंदाज काढायचा आणि मगच मी बटण दाबायचे. आधी नुसते दाखवत गेले, तेव्हा मुले चित्रपट पाहावा तशी पाहत राहिली होती; अंदाज काढायला लागल्यावर मात्र तो बरोबर येतो की नाही, यासाठी ती पडद्याकडे डोळे लावून बसू लागली. अंश एकच ठेवून छेद आठापर्यंत नेला, तसा वर्तुळातला तुकडा बारीक होत गेला आणि मागच्या बाकावरची, क्वचितच बोलणारी एक मुलगी म्हणाली, “बाई, भाकरी तेवढीच आहे, खाणारे वाढले.” तिचे वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि आठवडाभर पुसले नाही.

आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा 31 कार्डे बरोबर होती. पण त्याच सिम्युलेशनमधली संख्यारेषा उघडून, त्याच दोन अपूर्णांकांच्या जागा दाखवायला सांगितल्यावर बऱ्याच मुलांनी एक चतुर्थांश पुन्हा उजवीकडे नेऊन ठेवला. भाकरीवरून आलेली समज रेषेवर उतरली नव्हती. त्यामुळे यंदा मी घड्यांसाठी वर्तुळांबरोबर कागदाच्या लांब पट्ट्याही कापून ठेवल्या आहेत.