वऱ्हाडातला अर्धा र

भाचीच्या पत्रिकेचा मजकूर मोबाइलवरून अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याच्या स्क्रीनवर उतरला आणि 'विवाह'ची वेलांटी पहिल्या 'व'ला सोडून पुढच्या 'वा'ला जाऊन चिकटली. 'निमंत्रण'मधला 'त्र' फुटला. पायमोडका त एकीकडे, र एकीकडे. मी कासावीस. तो मुलगा निवांत. "ताई, युनिकोड आहे ना, असंच येतं." युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकात ठरवून दिलेला क्रमांक. परिच्छेदाच्या चौकटीतला कोपऱ्यातला मेनू उघडून त्याने 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा अक्षरं जुळवणारा पर्याय निवडला आणि सगळी अक्षरं मुकाट जागेवर गेली. मजकुराला हात लागलाच नाही. जुळवणारा तेवढा बदलला.

नारायण पेठेत आमच्या काकांचा ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्राचा, छापखाना होता, तिथे जुळवणारा माणूस असायचा. डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, म्हणजे स्टिक, उजवा हात न बघता अक्षरांच्या खोक्याच्या, म्हणजे केसच्या, घरांतून फिरणारा. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उलटे वाचायला मी काकांकडूनच शिकले. स्मरणिकांच्या हंगामात 'ळ' संपायचे. मग मला शेजारच्या छापखान्यात पिटाळायचे, 'मूठभर ळ दे म्हणावं, उद्या परत करतो.' येताना फ्रॉकचा खिसा जड व्हायचा, बोटं काळी. आई ओरडायची ती बोटांवरून. शिशाची भीती तेव्हा कुणालाच नव्हती.

असो. पत्रिकेत 'वऱ्हाडाची बस सकाळी सात वाजता' ही ओळ मात्र अजून बिघडलेलीच होती. 'ह'च्या डोक्यावर रफार. हे सॉफ्टवेअरचं काम नव्हे, टंकणाऱ्याचं. साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि ह दिले की रफारच येणार. आडवा अर्धा र हवा तर खाली टिंब असलेला ऱ घ्यावा, नाहीतर र आणि हलन्तानंतर एक न दिसणारा जोडक घालावा. मी तिथेच दुरुस्त करायला लावलं. "एवढं कोण बघतं, ताई?" मी बघते. पाटीवर 'पुर्या' दिसल्या की त्या हॉटेलात माझी भूक मरते. 'ॲ'साठीही मी अशीच अडून बसायचे. युनिकोडमध्ये तो 2008 साली आला, तोवर माझ्या 'ॲ'वरून लोक 'अ‍ॅ' की 'ऍ' अशी हुज्जत घालत.

त्या अर्ध्या र चा खरा घोळ वेगळाच. दोन्ही रीतींनी लिहिलेला 'वऱ्हाड' डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला नाही. एका रीतीने शोधलं तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला सापडेलच असं नाही. वऱ्हाडाचं एक वेळ ठीक आहे, बस चुकली तर रिक्षा करतील. पण गोऱ्हे, कऱ्हाडे ही माणसांची आडनावं आहेत. यादीत नाव छापलेलं असावं, स्पष्ट, शुद्ध, आणि खिडकीमागच्याने शोधून सांगावं, 'नाव नाही तुमचं.' त्याला काय दाखवणार?