पाण्याच्या घोटाबरोबर उतरणारा घास

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास अपघात विभागातून फोन आला, की जेवताना मटणाचा तुकडा छातीत अडकलेला २७ वर्षांचा एक तरुण आला आहे. मी पोहोचलो तेव्हा तो पुढे वाकून बसला होता आणि स्वतःची लाळही गिळता येत नसल्यामुळे सारखा हातातल्या स्टीलच्या वाटीत थुंकत होता. श्वास मोकळा होता, म्हणजे तुकडा श्वासनलिकेत नसून अन्ननलिकेत होता. केसपेपर पाहिल्यावर मला आठवले, की दोन वर्षांपूर्वी घास मध्येच थांबतो अशी तक्रार घेऊन हाच मुलगा माझ्याकडे आला होता. तेव्हा मी दुर्बिणीतून पाहिले, डोळ्यांना काही वावगे दिसले नाही म्हणून बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा नमुना, न घेताच अहवालावर ‘नॉर्मल’ असे लिहिले आणि पित्ताच्या गोळ्या देऊन त्याला घरी पाठवले. ती चूक माझीच होती.

त्या रात्री तुकडा काढल्यावर मी अन्ननलिका सावकाश पाहिली. अस्तरावर उभ्या बारीक चिरा होत्या, मधूनमधून कड्यांसारखी वलये होती आणि मीठ भुरभुरावे तसे पांढरे ठिपके होते. मला इओसिनोफिलिक इसोफॅजायटिसची, म्हणजे अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीने येणाऱ्या सुजेची, शंका आली. हा आजार अस्तरात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, म्हणून वरच्या आणि खालच्या भागांतून मिळून मी सहा नमुने घेतले.

बाहेर त्याची आई बसली होती. “घास अडकतो का?” हा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वीही विचारला होता, या वेळी “हा जेवतो कसा?” असे विचारले, तर त्या भरभरून बोलू लागल्या. “लहानपणापासून सावकाशच जेवतो हो, डॉक्टर. पंगत उठली तरी याचं ताट निम्मं भरलेलं. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो, भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय खात नाही, आणि गोळी तर मी अजून कुटून देते.” लहानपणी त्याला इसब होता, आणि थंडीत शिंकांचा त्रास आजही होतो. घरच्यांनी ज्याला स्वभाव म्हणून स्वीकारले होते, ती त्याने आजाराशी नकळत केलेली तडजोड होती.

चार दिवसांनी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात १५ किंवा त्याहून अधिक दिसल्या आणि गिळण्याचा त्रासही असला, तर इओसिनोफिलिक इसोफॅजायटिसचा विचार करावाच लागतो. इथे त्या चाळिसाच्या वर होत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या आजाराला स्वतंत्र ओळखच नव्हती. अशा पेशी दिसल्या की ती आम्लपित्ताची जळजळ समजली जाई.

ही अ‍ॅलर्जी शेंगदाणा खाताच ओठ सुजावेत तशी तडकाफडकी उठत नाही. रोजच्या अन्नातल्या एखाद्या प्रथिनावर शरीर आतल्या आत महिनोन्‌महिने चिडत राहते, पेशी अस्तरात साठतात, आणि दुर्लक्ष झाले तर वर्षांनुवर्षांच्या सुजेने नळी ताठ व अरुंद होत जाते. म्हणूनच त्वचेवरच्या टोचणी चाचणीतून दोषी पदार्थ खात्रीने सापडत नाही. तो आहारातून काढून पुन्हा बायोप्सी घेणे हाच भरवशाचा मार्ग उरतो.

आठ आठवडे आम्ल कमी करणारे औषध दिवसातून दोनदा देऊनही पेशी तिशीच्या खाली आल्या नाहीत. गिळायचे ब्युडेसोनाइड हे सूज उतरवणारे स्टिरॉइड किंवा पथ्य, असे दोन पर्याय मी समोर ठेवले. मायलेकांनी पथ्य निवडले आणि सहा आठवडे दूध व गहू पूर्ण बंद केले. ज्वारीची भाकरी घरात होतीच, त्यामुळे गव्हाचे फारसे जड गेले नाही. पण दूध चहात होते, बिस्किटात होते, ताकात आणि कढीतही होते. पुढच्या नमुन्यांत पेशी चारपर्यंत उतरल्या.

मग गहू परत सुरू केला, तरी आकडा वाढला नाही. त्यानंतर दूध सुरू केले. सहा आठवड्यांनी तो हसत आला, “घास छान उतरतो, डॉक्टर, आता तपासणी कशाला?” असे म्हणाला, आणि मला त्याला समजावून टेबलावर घ्यावे लागले. नमुन्यांत पेशी पुन्हा २८ झाल्या होत्या. अहवाल त्याने स्वतः दोनदा वाचला, आणि मग आईला फोन करून सांगितले, “आई, उद्यापासून माझा चहा कोराच टाक.”