गुहागर ते पुणे: आजीचं जातं गाडीतून आणताना

मामानं गुहागरजवळच्या वाडीतलं जुनं घर उतरवायचं ठरवलं, तेव्हा आईनं एकच गोष्ट मागितली. आजीचं जातं आणि पाटा-वरवंटा. टेम्पोवाल्यांकडे चौकशी केली, पण तीन-चार दगडांसाठी पुण्यापर्यंत यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून फेब्रुवारीत मी आणि माझा मावसभाऊ आमची नेहमीची पाच माणसांची हॅचबॅक घेऊन गेलो. गावाकडून दगडी वस्तू, धान्याची पोती किंवा जुनं शिलाई मशीन आणायचा विचार असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी वजनाचा हिशेब. गाडीचं मोकळं वजन आरसी बुकात असतं आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत. माझ्या गाडीचे आकडे ८५० आणि १३४० किलो. म्हणजे माणसं धरून ४९० किलो. जात्याच्या एका तळीचा, म्हणजे एका गोल दगडाचा, व्यास ४० सेंटिमीटर, जाडी १०. कोकणातला जांभा जात्याला चालत नाही, त्याला काळा दगडच लागतो, आणि तो लिटरमागे २.९ किलोच्या आसपास भरतो. त्या हिशेबानं एक तळी ३६ किलोची. दोन तळ्या, २८ किलोचा पाटा आणि ५ किलोचा वरवंटा मिळून १०५. आम्ही दोघं १५०. मामीनं दिलेला तांदूळ ६० किलो, नारळ २५ आणि पिशव्या १५. एकूण ३५५.

आकड्यांच्या हिशेबात आई आणि मावशीही मागच्या सीटवर मावल्या असत्या. पण मागच्या सीटवर कुणी बसायचं नाही, हे मी निघण्याआधीच ठरवलं होतं. पाठीमागे शंभर किलो दगड असताना तिथे माणूस बसवायची माझी तयारी नव्हती. दोघी चिपळूणहून एसटीनं पुण्याला आल्या. तुम्हीही असंच करा, घरचे कितीही म्हणाले तरी.

अंगणात गाडी लावून डिकी उघडली आणि पहिली अडचण दिसली. डिकीतल्या गालिच्याखाली फक्त पुठ्ठ्यासारखी फळी असते आणि तिच्याखाली स्टेपनीचा खड्डा. ३६ किलोची तळी त्यावर ठेवली तर फळी खचणार. शिवाय घाटात पंक्चर झालं तर स्टेपनी काढायला सगळे दगड रस्त्यावर उतरवावे लागणार. म्हणून स्टेपनी, जॅक आणि पाना आधीच बाहेर काढला. स्टेपनी मागच्या सीटवर आडवी ठेवून सीट बेल्टनं आवळली. खड्ड्यावर सुताराकडून आणलेला १२ मिलिमीटरचा प्लाय बसवला आणि वर रबरी मॅट आणि ओलसर गोणपाट अंथरलं. कोरडं गोणपाट घसरतं, ओलसर धरून राहतं.

तळ्या उचलायची घाई करू नका. आम्ही वरच्या तळीचा खुंटा काढून घेतला, तळी उभी केली आणि चाकासारखी ढकलत गाडीपर्यंत नेली. हातातल्या अंगठ्या आधी काढल्या. डिकीच्या कडेवर जुनी गोधडी टाकून, दोघांनी गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून तळी आधी कडेवर टेकवली आणि मग आत सरकवली. तिच्या कडेवर पाथरवटाच्या टाकीचे घाव अजून हाताला लागतात, आणि खुंट्याच्या भोकाची आतली बाजू वर्षानुवर्षं लाकूड फिरून आरशासारखी गुळगुळीत झालीये. मामा तिथंच उभा होता. म्हणाला, "जपून रे, आईनं रोज पहाटे उठून ओढलंय ते." त्यानंतर दोन मिनिटं आम्ही कुणीच बोललो नाही.

दोन्ही तळ्या एकावर एक न ठेवता शेजारी-शेजारी, मागच्या सीटच्या पाठीला घट्ट टेकवून ठेवल्या. जड वस्तू जितकी खाली आणि जितकी पुढे, तितकी गाडी ताब्यात राहते. डिकीच्या दारापाशी ठेवलेलं वजन गाडीचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. वजन नुसतं ठेवून भागत नाही, ते बांधावंच लागतं. नायलॉनची दोरी ताणते आणि गाठ सुटते, म्हणून ट्रकवाले वापरतात तसे रॅचेटचे, म्हणजे दात्यांच्या खटक्यानं आवळायचे, दोन पट्टे नेले होते. एक वरच्या तळीच्या मधल्या भोकातून, दुसरा खालच्या तळीच्या लोखंडी मेखेला गुंडाळून, आणि दोन्हींची टोकं लहान मुलांची सीट अडकवायच्या पोलादी कड्यांना. डिकीचं दार जिथे लॉक होतं त्या कडीला काही बांधू नका. तळ्यांच्या मागच्या बाजूला नारळांचं पोतं ठासून बसवलं, कारण चढावर वजन मागे सरकतं. मागच्या सीटची पाठ उभी आणि तिचे सगळे बेल्ट रिकाम्या सीटवरच लावून ठेवले. तेवढाच पाठीला आधार.

एक चूक मात्र झालीच. वरवंटा टॉवेलात गुंडाळून मी माझ्या सीटच्या मागे खाली ठेवला होता. पाच किलोची तर वस्तू, असं वाटलं. वाडीतून मुख्य रस्त्याला लागणारा उतार उतरताना खालून गडगड असा आवाज आला आणि टाचेला काहीतरी थंड टेकलं. वरवंटा सीटखालून घरंगळत क्लचपर्यंत आला होता. आणखी दोन इंच पुढे गेला असता तर ब्रेक पेडलखाली अडकला असता. तिथेच थांबलो आणि उतरलो, तेव्हा हात थरथरत होते. ताशी ५० च्या वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतली वस्तू अडवायला तिच्या वजनाच्या साधारण २० पट जोर लागतो. पाच किलोच्या वरवंट्याला शंभर किलोचा. अशा वस्तूच्या पुढे बसलेल्या माणसाच्या मानेचा विचार करा.

मग नीट मांडामांड केली. पाटा डाव्या सीटच्या मागच्या खळग्यात आडवा, वरवंटा त्याला दोरीनं बांधून गोधडीत, आणि दोन्हींवर तांदळाचं एक पोतं. दुसरं पोतं माझ्या सीटच्या मागे, म्हणजे तिकडून काही सरकायला जागाच उरली नाही. तांदळाचं पोतं फटीत स्वतःहून बसतं, पाचरीसारखं. वर काहीही सुटं ठेवलं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा.

शृंगारतळीला टायरमध्ये हवा भरली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तेवढी भरायची. मागचं चाक आणि वरची कमान यात एरवी चार बोटं जातात, आता तीन जात होती. दोनवर आलं असतं तर मी तांदूळ परत दिला असता. मागची बाजू दबली की हेडलाइट वर जातात आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. लाइट खाली करायचं चक्र स्टिअरिंगच्या उजवीकडे असतं, ते फिरवून ठेवा. तरी प्रवास शक्यतो दिवसाच करा.

चिपळूणपर्यंत सावकाश आलो. पोफळीला घाट सुरू होण्याआधी डिकी उघडून पट्टे तपासले. दोन्ही सैल पडले होते, कारण गोणपाट दबलं होतं. रॅचेटचे दोन-तीन दाते आणखी आवळले. ही तपासणी अजिबात टाळू नका.

कुंभार्ली घाट एसी बंद करून दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, अवघड वळणांवर पहिल्यात. ट्रकच्या मागे अडकलो तर क्लचवर गाडी धरून ठेवायची नाही, हँडब्रेक लावायचा आणि पुढे मोकळी जागा दिसली की निघायचं. घाटमाथ्यावर दहा मिनिटं थांबून चहा घेतला आणि चाकांजवळ हात नेऊन पाहिलं, फारशी धग नव्हती. हेळवाक, कोयनानगर, पाटण हा टप्पा निवांत. पाटणहून मल्हारपेठमार्गे उंब्रजला हायवे गाठला. गतिरोधक मात्र जवळजवळ थांबून पार केले, भरलेल्या गाडीचं पोट सहज टेकतं.

हायवेवर ताशी ७० च्या पुढे गेलो नाही आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवलं. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचा उतार आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, या दोन ठिकाणी जास्त सांभाळा. नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ ला एका अवजड वाहनाच्या अपघातात अनेक गाड्यांचं नुकसान झालं होतं. पेट्रोल वाचवायला तिथे गाडी न्यूट्रल करणारे आजही दिसतात, आणि त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की करू नका. वजन जास्त असेल तर उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. मी तिसऱ्यात उतरलो, इंजिनानंच गाडी धरली आणि ब्रेक अधूनमधून लागला.

सोसायटीत पोचलो तेव्हा अंधार पडत होता. थकलेल्या हातांनी तळ्या उतरवायच्या नाहीत असं ठरवून गाडी तशीच कुलूप लावून ठेवली. सकाळी चौघांनी मिळून एकेक तळी लिफ्टनं वर नेली. टायर थंड असतानाच हवा पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणली, स्टेपनी जागेवर बसवली. तोवर आईनं जातं धुऊन गॅलरीत मांडलं होतं. दगडाची कच निघून जावी म्हणून आधी मूठभर जाडे तांदूळ दळून टाकले, मग कुळीथ घेतले.